पाळणाघराचे तास मोजा: महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्रीमहोदया,
महिला व बालविकास विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवली पूर्वेला पाळणाघर चालवते. तळमजल्यावरचे दोन लागून ब्लॉक आहेत, एकात आम्ही राहतो, दुसऱ्यात मुलं. सहा महिन्यांच्या बाळापासून ते शाळा सुटल्यावर येणाऱ्या दुसरी-तिसरीतल्या पोरांपर्यंत पंधरा-सोळा जण असतात. मदतीला दोघी बायका आहेत. मुलं मला आजी म्हणतात, त्यांच्या आया काकू म्हणतात आणि सोसायटीचे सेक्रेटरी ‘तुमचा तो बिझनेस’ म्हणतात.

केंद्राच्या मिशन शक्तीतली ‘पाळणा’ योजना आपल्या विभागाने राज्यात आणली, पहिल्या टप्प्यात ३४५ केंद्रं मंजूर झाली, हे वाचून मला मनापासून बरं वाटलं. उपरोधाने म्हणत नाही. २००६ पासूनची राजीव गांधी पाळणाघर योजना मी पाहिलेली आहे. एकेकाळी देशभर तिची वीस हजारांच्या वर पाळणाघरं होती. पुढे निधीत केंद्राचा वाटा कमी झाला, राज्यांवर आणि संस्थांवर भार पडला आणि २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास उरली. इतकी पाळणाघरं बंद पडली तरी कुठे मोर्चा निघाल्याचं मला आठवत नाही. ज्यांच्यासाठी ती होती त्या बायकांना मोर्चाला जायला मूल कुठे ठेवायचं हाच प्रश्न असणार.

म्हणून नव्या योजनेचे नियम मी नीट वाचले. मूल सहा महिने ते सहा वर्षांचं, एका केंद्रात जास्तीत जास्त २५ मुलं, पोषण आहार, पूर्वशालेय शिक्षण. सगळं छान. मग वेळ वाचली. महिन्याचे २६ दिवस, दिवसाला साडेसात तास.

बाई, तिथेच माझं घोडं अडलं.

आमच्याकडचा दिवस सांगते. आठ-सव्वाआठची फास्ट लोकल पकडायची तर आई पावणेआठला माझ्या दारात असते. एका हाताने बाळाचा डबा आणि कपड्यांची पिशवी देते, दुसऱ्या हाताने स्वतःच्या केसांची क्लिप लावते. गाडीत तासभर उभी, पुढे बस नाहीतर शेअर रिक्षा. साडेनऊला पंच. संध्याकाळी सहाला सुटली आणि मध्य रेल्वेच्या मनात आलं, तर साडेसातला परत माझ्या दारात. झाले पावणेबारा तास. गाड्या वेळेवर धावल्या तर. जुलैमध्ये सायनला किंवा कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की सहाच्या पुढे माझा फोन वाजायला लागतो: ‘काकू, ठाण्यालाच अडकलेय, त्याला थोडा भात भरवाल का?’ मी आधीच मऊ भात लावलेला असतो. २६ जुलै २००५ ला तर माझ्याकडची बहुतेक मुलं रात्री माझ्याकडेच झोपली. वीज नव्हती, फोन लागत नव्हते, आणि एक दोन वर्षांची मुलगी दर पाच मिनिटांनी उठून दाराशी जाऊन बसत होती.

आता आपलं साडेसात तासांचं केंद्र या दिवसावर ठेवून बघा. साडेनऊला उघडलं तर पाचला बंद. आठला उघडलं तर साडेतीनला. उरलेले चार तास त्या बाळाने कुठे काढायचे? आणि हे फक्त लोकलने जाणाऱ्या नोकरदार बायकांचं दुखणं नाही. आमच्या चार बिल्डिंगांत पोळ्या करणारी बाई सकाळी साडेसहाला पहिल्या घरात असते, बारापर्यंत मोकळी होते आणि चारला पुन्हा संध्याकाळच्या कामांना लागते. तिचा दिवस मधोमध चिरलेला. तिला सकाळी साडेसहा ते बारा आणि चार ते साडेसात असं पाळणाघर हवं, म्हणजे बहुतेक तेव्हा, जेव्हा अंगणवाडी एकतर उघडलेली नसते किंवा बंद झालेली असते. खेड्यात शेतमजुरीला जाणाऱ्या आईला साडेसात तास पुरत असतील. मी तिथली नाही, त्यावर बोलत नाही. पण कर्जत-कसाऱ्यापासून विरारपर्यंत जो मुंबईला माणसं पुरवणारा पट्टा आहे, तिथे साडेसात तासांचं पाळणाघर कागदावर चालेल आणि प्रत्यक्षात ओस पडेल. मग दोन वर्षांनी कुणीतरी अहवालात लिहील की शहरी भागात मागणी नाही.

सरकारला तास मोजता येत नाहीत असंही नाही. केंद्राने २०२४ मध्ये वेळ-वापराचं सर्वेक्षण केलं. १५ ते ५९ वयाच्या बायका घरच्या बिनपगारी कामात दिवसाला सरासरी ३०५ मिनिटं घालवतात, मुलांची-म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या बायकांचा त्या काळजीत वेगळा १४० मिनिटांच्या आसपास वेळ जातो आणि पुरुषांचा साधारण त्याच्या निम्मा, इतकं बारीक मोजलंय. मिनिटांचा हिशेब दिल्लीत तयार आहे, मग योजना लिहिताना साडेसात कुठून आले? मला वाटतं, सरकारी कार्यालयातल्या दिवसावरून. योजना लिहिणाऱ्याचा स्वतःचा दिवस तेवढा असेल, त्यात त्याचा प्रवास धरलेला नसेल.

दुसरी गोष्ट पैशांची. पाळणा केंद्रातल्या सेविकेला महिन्याला ५,५०० रुपये आणि मदतनीस बाईला ३,००० रुपये मानधन. केंद्र अंगणवाडीतच भरतं, म्हणून तिथल्या अंगणवाडी सेविकेला वरचा भत्ता १,५००, तिच्या मदतनीसाला ७५०. साडेसात तास गुणिले २६ दिवस म्हणजे १९५ तास. सेविकेला तासाला साधारण २८ रुपये पडले, मदतनीस बाईला १५. डोंबिवली स्टेशनबाहेर १५ रुपयांत चांगला वडापाव शोधावा लागतो. आणि तिने काय करायचं? वर्षाच्या आतली तीन बाळं एकदम रडायला लागली की एकीला मांडीवर, एकीला झोळीत आणि तिसऱ्याचं लंगोट बदलत चौथ्याला ‘तोंडात घालू नकोस’ म्हणून ओरडायचं. सेविका बारावी पास हवी ही अट मात्र आहे.

मी माझ्या दोघींना प्रत्येकी नऊ हजार देते आणि ते कमी आहेत हे मला ठाऊक आहे. जास्त देता येत नाहीत, कारण पूर्ण दिवसाची माझी फी ४,५०० आहे, त्यात दोन वेळचं खाणं आलं. ती वाढवली तर निम्मी मुलं सुटतात. सुटलेली मुलं जातात कुठे, हेही सांगते. एक बाळ गावी, कोकणात आजीकडे गेलं. आई महिन्यातून एकदा तुतारी एक्सप्रेसने भेटायला जाते. एकीने नोकरी सोडली. आणि पोळ्यावाल्या बाईंचं धाकटं त्यांच्या नऊ वर्षांच्या थोरलीकडे राहिलं. थोरली हजेरीपटावर शाळेत आहे. प्रत्यक्षात ती भावाला कडेवर घेऊन आमच्या गेटपाशी उभी असते, कारण आत त्याचे मित्र खेळतात. शेवटी मी त्याला निम्म्या फीत घेतला.

ही निम्मी फी म्हणजेच ‘पाळणाघरासाठी मदत’ झाली ना? फक्त ती कोण देतं ते बघा. सरकार देत नाही. थोडी मी देते, बाकीची माझ्या दोन मदतनीस बायका कमी पगारात राबून देतात. एका गरीब बाईचं मूल सांभाळलं जावं म्हणून दुसऱ्या गरीब बाईने पदरचं घालायचं, अशी सध्याची योजना आहे. तिला नाव नाही, जीआर नाही, पण ती गल्लोगल्ली चालू आहे.

‘आजी-आजोबा असतात की’ हे वाक्य मला आठवड्याला एकदा तरी ऐकावं लागतं, बहुतेक वेळा ज्यांनी स्वतः कधी दीड वर्षाचं मूल सलग तासभर सांभाळलेलं नाही अशा गृहस्थांकडून. माझ्याकडची निम्मी मुलं दोन-दोन आज्या असलेली आहेत. एका आजीचे गुडघे बदललेत, एक स्वतः अजून नोकरीत आहे, एकीने स्पष्ट सांगितलं की मी माझी तीन वाढवली, आता माझं भजनीमंडळ. बरोबरच आहे तिचं.

हिरकणीची गोष्ट आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असते आणि तिच्या नावाने एसटी स्टँडावर, कार्यालयांत कक्ष आहेत. विधानभवनातही झाला. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये अडीच महिन्यांचं बाळ घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या, तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पुढच्या अधिवेशनात मुंबईत त्यांनीच त्या कक्षातली धूळ दाखवली. आमदार बाईंची ही गत, तर बाकीच्यांचं काय बोलायचं. पण मला वेगळंच म्हणायचंय. हिरकणी गडावर दूध घालायला गेली आणि सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले म्हणून तिला कडा उतरावा लागला. तिची अडचण वेळेची होती. तिला बसायला खोली दिली असती तरी तान्हं खाली घरीच होतं.

कंपन्यांना कायद्याने पाळणाघर बंधनकारक आहे, हे मला कुणीतरी दर वेळी ऐकवतं. आहे ना. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ते करायला सांगितलं, आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटायची मुभा दिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ते आलंय. पण माझ्याकडच्या आया काम करतात ते सीएच्या ऑफिसात, दातांच्या दवाखान्यात, साड्यांच्या दुकानात, ब्यूटी पार्लरमध्ये. ५० माणसं कुठून आणायची? आणि जी एक-दोघी मोठ्या कंपनीत आहेत, त्यांच्या ऑफिसचं पाळणाघर लोअर परळला. वर्षाचं मूल घेऊन सकाळची फास्ट पकडून दाखवा कुणीतरी. लेडीज डब्यात डोंबिवलीला पाय ठेवायला जागा मिळाली तरी बायका देवाचे आभार मानतात. आमच्यासारख्या उपनगरात पाळणाघर घराजवळ लागतं, फार तर स्टेशनच्या वाटेवर.

गंमत म्हणजे याची वाट कायद्यातच आहे. आस्थापनेने स्वतःचं पाळणाघर न काढता सरकारचं, नगरपालिकेचं, खासगी किंवा संस्थेचं सामाईक पाळणाघर वापरलं तरी चालतं, अनेक आस्थापनांनी मिळून पैसे घातले तरी चालतं. म्हणजे लोअर परळच्या कंपनीने डोंबिवलीतल्या पाळणाघराची फी भरली तर तिची जबाबदारी पार पडली, असं राज्याच्या नियमांत एका ओळीत लिहिता येईल. पाळणाघर किती लांब चालेल ही अंतराची अट कामाच्या जागेपासून न मोजता घरापासून मोजायची मुभा ठेवा, इतकंच. हे काम कामगार खात्याचं आहे हे मला कळतं. पण आपण सहाव्या मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर एक फाईल पाठवणं आणि मी डोंबिवलीहून पाठवणं यात फरक आहे. (मजले चुकले असतील तर माफ करा, मंत्रालयात माझं कधी काम पडलं नाही.)

आयकराचं थोडक्यात. जुन्या करपद्धतीत मुलांच्या शिक्षण फीवर वजावट मिळते, त्यात प्ले-स्कूल आणि नर्सरीही धरतात, पण पाळणाघराची फी शिक्षणात बसत नाही. माझ्याकडच्या आया मग विचारतात, ‘काकू, पावतीवर प्ले-ग्रुप लिहून द्याल का?’ मी देत नाही. तसंही हा विषय केंद्राचा, आणि ज्या बाईला कर भरावाच लागत नाही तिला सवलतीचा काय उपयोग.

आता मला काय हवंय ते सांगते. यात माझा स्वार्थ आहे, तोही आधीच कबूल करते. माझ्यासारख्या बायकांनी घरात चालवलेली पाळणाघरं शहरात गल्लोगल्ली आहेत. सरकारने नवी ३४५ बांधण्याबरोबर या आहे त्या जागांना धरावं. कुटुंबाचं उत्पन्न एका मर्यादेखाली असेल तर फीतला अर्धा वाटा सरकारने उचलावा. माझ्या हिशेबाने ते महिन्याला २,२५० रुपये होतात. आणि योगायोग बघा, आपल्याच विभागाची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना अनाथ आणि एकपालक मुलांसाठी महिन्याला नेमके २,२५० देते. माझ्याकडच्या एका बाळाला वडील नाहीत, त्याच्यासाठी ते येतात, म्हणून मला आकडा पाठ आहे. म्हणजे अर्ज घ्यायची, चौकशी करायची, खात्यात पैसे टाकायची यंत्रणा आपल्याकडे आहे.

पैसे माझ्या खात्यात नकोत. आईच्याच खात्यात टाका, आणि मी भरून दिलेल्या हजेरीवर टाका. माझं पाळणाघर तिला आवडलं नाही तर ती पुढच्या महिन्यात मूल उचलून दुसरीकडे नेईल आणि मदत तिच्याबरोबर जाईल. लाडकी बहीणचे १,५०० येतात ना, असंही म्हणाल. येतात, आणि बायका ते जपून वापरतात. पण ते पैसे गॅसला, औषधाला, पोराच्या वह्यांना जातात आणि जायलाच हवेत. मुलाच्या सांभाळासाठी वेगळे ठेवले तरच ते सांभाळाला उरतील. फुकट मात्र करू नका. जुन्या योजनेतही दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याचे २० रुपये द्यावे लागत. जी आई थोडेतरी पैसे मोजते ती संध्याकाळी उभी राहून विचारते की आज याने भाजी का नाही खाल्ली. मला तो प्रश्न आवडतो.

तासांसाठी सरळ नियम करा: लोकलच्या पट्ट्यात सकाळी सात ते रात्री आठ, दोन पाळ्यांत दोन सेविका. पूर्ण वेळ देणाऱ्या पाळणाघराला मदत पूर्ण, अर्ध्या वेळेला अर्धी. सरकारी केंद्रांनाही तेच लावा. शेजारच्या कर्नाटकाने २०२३ पासून ग्रामपंचायतींमध्ये ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरं काढली, रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांच्या तीन वर्षांखालच्या मुलांसाठी. त्यांनी आधी आई कुठे जाते ते पाहिलं, मग जागा ठरवली. आपल्याला आधी आई कधी येते ते पाहावं लागेल.

जागेचं म्हणाल तर आमच्या महापालिकेच्या शाळांचे कितीतरी वर्ग रिकामे पडलेत. पालिकांना अंदाजपत्रकातला पाच टक्के हिस्सा महिला व बालकल्याणासाठी ठेवावा लागतो. दरवर्षी त्यातून शिलाई मशीन वाटपाचा कार्यक्रम होतो, फोटो येतो. आमच्या गल्लीत अशा दोन मशीन आहेत. एकीवर टीव्ही ठेवलाय. दुसरी चालू असते ती रात्री, मूल झोपल्यावर.

आणि नोंदणी. २०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, सीसीटीव्हीत दिसली, महाराष्ट्र हादरला. माझ्याकडच्या आयांनी पुढचा महिनाभर मुलांना घरी नेऊन अंग तपासलं. मला राग आला नाही, मीही तेच केलं असतं. तेव्हा नियमावलीची खूप चर्चा झाली. आजही मी उद्या शटर उघडून पंचवीस मुलं घेतली तर मला अडवायला कुणी येणार नाही. यायला हवं. किती मुलांमागे किती बायका, आग विझवायची बाटली, पोलिस पडताळणी, स्वयंपाकघराला दार, वर्षातून दोनदा न सांगता तपासणी. दोन पानांत बसेल एवढंच ठेवा आणि ते वॉर्ड ऑफिसात होऊ द्या. चाळीस पानांचा अर्ज केलात तर मोठ्या फ्रँचायझी नोंदणी करतील, चकचकीत भिंती आणि दहा हजार फीवाल्या, आणि गल्लीतली बाई पूर्वीसारखीच लपूनछपून चालवेल. तपासणीला येणारा माणूस नको, बाई पाठवा, शक्यतो दुपारी एक ते दोनच्या दरम्यान, सगळी एकदम झोपायला नकार देतात तेव्हा.

सेविकांच्या मानधनाचा आकडा मी सुचवत नाही. आपल्या विभागातल्या अंगणवाडी ताईंनी डिसेंबर २०२३ मध्ये संप करून तो विषय आपल्यापुढे मांडलेलाच आहे. फक्त ते १५ रुपये तास एकदा स्वतः कॅल्क्युलेटरवर करून बघा.

कळावे,
आपली नम्र,
डोंबिवलीतली एक पाळणाघरवाली

ता. क. नोंदणी सुरू केलीत तर घरातल्या पाळणाघराचं वीजबिल आणि मालमत्ता कर घरगुती दरानेच राहील, हे त्याच आदेशात लिहा, आणि सोसायटीच्या ना-हरकत पत्राची अट घालू नका. नाहीतर आमचे सेक्रेटरी सही करणार नाहीत. त्यांचा नातू माझ्याकडेच असतो, तरीसुद्धा.